जम्बो खापर

खापराचं माप कुणी विचारतं का? आमच्या खानदेशात खापर म्हणजे खापर, चुलीवर पालथं घालायचं मातीचं भांडं, हातभर पोळी उलट्या पाठीवर मावेल एवढं. म्हणून जाहिरातीत मी इंच शोधलेच नाहीत. 'मोठ्या कुटुंबासाठी खास, जम्बो साइज' एवढं वाचलं, फोटोत बाईच्या दोन्ही कोपरांपर्यंत आलेली पोळी पाहिली आणि बटण दाबलं. सुरतमध्येच भेस्तानहून डिंडोलीत घर बदलताना माझं जुनं खापर टेम्पोतच फुटलं होतं.

रविवारी सकाळी नऊला खोकं आलं. आत वरणाच्या पातेलीएवढं खापर.

बारा वाजता अमळनेरच्या इंदुबाई आपल्या मुलासाठी धनश्रीला बघायला येणार होत्या. माझ्या लेकीची दोन स्थळं आधीच मोडली होती, सुरतच्या पोरींना रीतभात नाही म्हणत. इंदुबाईंनी तर निरोपच धाडला होता की पोळी खापराचीच हवी आणि पोरीच्याच हातची. पुरण वाटून तयार, कणीक भिजलेली, आणि अंगणातल्या चुलीवर हे भातुकलीचं भांडं. पहिली पोळी चारही बाजूंनी लोंबली, फाटली आणि पुरण विस्तवात पडलं. दुसरीचीही तीच गत. धनश्री रडायला लागली. मी तिच्यावरच ओरडले, कारण कंपनी काही समोर नव्हती.

कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे हिंदीत म्हणाली की जम्बो म्हणजे त्यांच्या मिनीपेक्षा मोठं, आणि मोठं कुटुंब किती माणसांचं ते त्यांनी कुठे लिहिलेलंच नाही. परत न्यायला माणूस बुधवारी येईल. बुधवारी ते खापर काय कपाळावर फोडून घेऊ?

आमचे हे सगळी गल्ली पालथी घालून आले. खापर होतं ते फक्त सरलाबाईंकडे. आणि त्यांचे मालक जाऊन सहा दिवस झाले होते.

सुतकातल्या घरचं आपण पाणीसुद्धा पीत नाही. इंदुबाई तर कडक सोवळ्याच्या. पण साडेदहा वाजले होते. मी गेले. सहा दिवसांत त्या उंबऱ्यावर मी भेटायलाही गेले नव्हते, घरात शुभकार्य म्हणून टाळलं होतं, आणि आता भांडं मागायला उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरलाबाईंनी माझं ऐकून घेतलं, आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेलं खापर माझ्या हातात दिलं. जेमतेम एकदा चुलीवर चढलेलं, नवंकोरं वाटावं असं.

"लई जा," त्या म्हणाल्या. "पन कोना घरनं शे हाई कोनले सांगू नको."

धनश्रीनं पोळ्या केल्या. काय सांगू, रुमालासारख्या पातळ. इंदुबाई दोन खाऊन उठल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथल्या तिथे हो म्हणाल्या. सुटले एकदाची, असं मला वाटलं. मग त्या चुलीपाशी वाकल्या.

"सुरतमा इतलं मोठं खापर कोठे भेटनं?"

धनश्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ऑनलाइन मागवलं.

इंदुबाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. पुढच्या महिन्यात त्यांच्या धाकट्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते आणि त्यांचं खापर चिरलं होतं.

"माले बी हाईच पाहिजे. लिंक धाडी द्या."

मी ती जाहिरात शोधून काढली आणि त्यांना पाठवून दिली.