शंखाचे चार सेकंद

सेकंदरावाला त्या फिल्ममधून साठ हजार सुटणार होते. साठ सेकंदांची फिल्म, सेकंदाला हजार. अर्धे आधी, अर्धे मंजुरीनंतर. काम पसंत पडलं तर आणखी दोन फिल्मा, आणि सासूबाईंच्या नजरेत थोडी किंमत, जी लग्नाला नऊ वर्षं झाली तरी वाढायचं नाव घेत नव्हती.

हा गृहस्थ हलती चित्रं काढायचा आणि बिल सेकंदावर लावायचा, म्हणून स्टुडिओतल्यांनी त्याला हे नाव दिलं होतं. त्याला ते मानाचं वाटायचं.

फिल्म मागणारी कंपनी लोकांचे पैसे घेऊन बाजारात गुंतवणारी. गुंतवणूक म्हणजे काय, धीर का धरायचा, हे तिला साध्यासुध्या माणसांना शिकवायचं होतं. सेकंदरावानं त्यासाठी गोगलगाय काढली. ती आलेखाच्या रेघेवरून चढत जाते, एका सेकंदाला एक वर्ष. सातव्या वर्षी रेघ कोसळते. गोगलगाय घसरत तळाला येते, शंखात शिरते आणि चार सेकंद नुसती पडून राहते. मग हळूच शिंगं बाहेर काढून पुन्हा चढायला लागते.

हे चार सेकंद त्यानं सत्याच्या ओढीनं घातले असं कोणी समजू नये. पडलेला शंख एकदा काढला की झालं. कष्ट शून्य, पैसे चार हजार. पण चुकून का होईना, अख्ख्या फिल्ममध्ये खरं म्हणावं असं तेवढंच होतं.

कंपनीची प्रसिद्धी बघणाऱ्या बाईंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "इथं काहीच घडत नाही."

"चार वर्षं तसंच असतं, मॅडम. काहीच घडत नाही."

"लोक घाबरतील. काढून टाका."

सेकंदराव तावातावानं भांडला. जनतेचं शिक्षण, कलावंताची जबाबदारी, समाजाची दिशाभूल, असले शब्द त्यानं वापरले. खरेपणा आणि आपलं बिल एकाच बाजूला उभे आहेत, हा योग त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

"तुमचे पैसे कापत नाही मी," बाई म्हणाल्या. "साठचे साठ घ्या. दुरुस्तीचे दोन हजार वेगळे. उरलेल्या वेळात शेवटी ती हात हलवू दे."

"गोगलगायीला हात नसतात."

"मग द्या ना."

त्यानं दिले. दोन हात, प्रत्येकी चार बोटं. समाजाच्या दिशाभुलीचा विषय तिथंच संपला. आता गोगलगाय पडायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उठून पळायला लागायची.

मंजुरीचा नियम असा की फिल्म पाच सामान्य माणसांना दाखवायची, समोर सरकारी तपासनीस बसणार, आणि त्यांना ती समजली असं त्यानं लिहिलं की काम फत्ते. ऐन वेळी पाचातला एक सामान्य माणूस आलाच नाही. सेकंदरावानं सासूबाईंना फोन लावला.

सासूबाईंनी तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं होतं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते मशीनींसकट विकलं. नऊ लाख आले. राहायच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. दीड वर्षानं त्याच इमारतीत तळमजल्याची जागा रिकामी होणार होती आणि अनामत बरोबर नऊ लाख होती. घरमालकाशी बोलणं झालं होतं. तोवर पैसे कुठं ठेवावेत, एवढाच प्रश्न होता. हे सगळं जावयाला पाठ होतं.

फिल्म झाली. चौघांनी छान म्हटलं. सासूबाईंनी पुन्हा लावायला सांगितली आणि गोगलगाय पडताच बोट उचललं.

"जावईबापू, इथं कापून जोडलंय."

"कुठं, आई?"

"हे बघा. खाली गेली तेव्हा दमलेली, वर निघाली ती ताजीतवानी. मधलं कापड गेलंय. मला शिवण दिसते."

तपासनीसानं पेन उचललं. बाई सेकंदरावाकडे बघायला लागल्या. उरलेले तीस हजार त्या पेनाच्या टोकाला लोंबत होते.

"मला शाळा नका शिकवू," सासूबाई म्हणाल्या. "एकदा पडली की किती दिवस खाली असते, तेवढं सांगा. मला दीड वर्षात पैसे लागणारेत."

चार वर्षंही राहू शकते, तुम्ही यात पडू नका. हे म्हणायला अडीच सेकंद लागले असते. सेकंदरावानं मनात ठरवलं, घरी गेल्यावर एकट्यात सांगू.

"काही कापलेलं नाही, आई. दिसतं तेवढंच. लगेच सावरते."

"तुम्ही काढलंय, तुम्हाला माहीत," त्या म्हणाल्या. तपासनीसानं लिहिलं: समजली.

घरी गेल्यावर त्याला वाटलं, पैसे हातात पडू देत, मग बोलू. पैसे पंधरवड्यानं पडले आणि त्यांचा नवा मोठा स्क्रीन आला. तोवर सासूबाईंनी नऊच्या नऊ लाख त्याच कंपनीत भरून पावतीही दाखवली होती. आता बोलणं बरं दिसलं नसतं. चांगल्या चालीरीतींचा त्याला असा अधूनमधून उमाळा यायचा.

पंधराव्या महिन्यात बाजार कोसळला. पैसे काढायला रांगा लागल्या आणि प्रसिद्धीवाल्या बाईंचा फोन आला.

"तो शंख आहे का अजून?"

"आहे की."

"हलत नव्हता ना तो?"

"अजिबात नाही."

चाळीस सेकंद पाहिजे होते, आजच्या आज, दुप्पट दरानं. वर गोड आवाजात 'थांबा, घाबरू नका'. सेकंदरावानं जुनी फाइल उघडली, चार सेकंद दहापट ताणले आणि ऐंशी हजारांचं बिल पाठवून दिलं. एक रेघसुद्धा नवी मारावी लागली नाही.

अठराव्या महिन्यात तळमजला रिकामा झाला. सासूबाई पैसे काढायला गेल्या. कंपनीच्या प्रतीक्षागृहात अडीच तास बसल्या आणि तेवढा वेळ समोरच्या भिंतीवर तो शंख बघत राहिल्या. हातात सहा लाख आले. सहा लाखांत घरमालक ऐकेना. जागा दुसऱ्याला गेली.

त्या थेट लेकीच्या घरी आल्या. पाणी प्यायल्या.

"शंख पाहिला," त्या जावयाला म्हणाल्या. "नवा काढलात की तेव्हाचाच?"

"तेव्हाचाच. चार सेकंदांचा होता, ताणला." कामाविषयी कोणी विचारलं की त्याला राहवत नसे.

"म्हणजे चार वर्षं."

तो गडबडला. "खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आई. जोखीम असते म्हणून."

"मी अक्षरांना नव्हतं विचारलं. तुम्हाला विचारलं होतं."

बायको दारात उभी होती. ती नवऱ्याकडे नव्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"तीन लाख मागायला आले नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाजार काही तुम्ही पाडला नाहीत. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं की शिलाई ठेवून घेत नाहीत. मंजुरीनंतरचे तुमचे तीस हजार तेवढे द्या."

सेकंदरावानं स्क्रीनकडे पाहिलं. "ते त्यात गेले, आई. आणि दुसऱ्या फिल्मचे अजून..." ते कालच जमा झाले होते. त्यानं वाक्य तसंच सोडून दिलं.

"आई, मी देते," बायको म्हणाली.

"तू कापलंस का? मग तू कशाला?"

गप्प बसणं सेकंदरावाला जमेना. गप्प बसण्याचे पैसे फक्त शंखाला मिळायचे. "असं करू," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात तिसऱ्या फिल्मची चाचणी आहे. तुम्हाला बोलावतो. बसायचे पाचशे देतात."

"हो का?" सासूबाई उठता उठता म्हणाल्या. "मागल्या वेळी नव्हते देत?"

दिले होते. त्यांच्या नावापुढं सही जावयानं केली होती.

आता जमाखर्च. तपासनीसाला त्या दिवसाचा भत्ता मिळाला. कंपनीचं शुल्क तर दरमहा आधीच कापलं जायचं, पैसे वाढोत की बुडोत. सेकंदरावाकडे एक लाख बेचाळीस हजार पाचशे जमा. भरले ते सासूबाईंनी: तीन लाख रोख, आणि दिवसातून दोनदा बहात्तर पायऱ्या.