खडा आणि चिंचोका

मी कोंडीबाची गिरणी बोलतेय. धडधड जरा सोसा, माझा गळाच तसला.

माझं लोखंड सांगलीला ओतलं. चौऱ्याहत्तर साली बैलगाडीत बसून रहिमतपुराजवळच्या या वाडीत आले. बायकांनी हळदकुंकू लावलं आणि घरची जाती भिंतीला टेकवून ठेवली.

कोंडीबाला अक्षर येत नाही. म्हणून डब्याच्या झाकणावर खूण ठेवायची. खडा म्हणजे जाड दळायचं, चिंचोका म्हणजे बारीक. एकाच डब्यावर दोन्ही आले तर कोंडीबा चिंचोका खरा धरायचा. म्हणायचा, "बारीक पीठ कुणाला नगं असतंय?"

धोंडुबाईला नको होतं. तिनं लापशीच्या गव्हावर खडा ठेवलेला, लेकीनं वर चिंचोका ठेवला. झालं, लापशीचं पीठ झालं. महिनाभर बाई माझ्यासमोरून तोंड फिरवून जायची. भरडा करायचं मला येत होतं हो, पण जाड-बारीक करायचं चाक कोंडीबाच्या हातात.

मग एका सकाळी रंगूबाईचा हरभऱ्याच्या डाळीचा डबा आला. झाकणावर खडाही, चिंचोकाही. तिचा सयाजी सुट्टी संपवून त्याच सांजच्या गाडीनं पलटणीत निघालेला, आणि घरात डाळ तेवढीच.

"खडा माझा हाय. पोराला लाडू द्यायचं, रवाळ पीठ पायजे," रंगूबाई म्हणाली.

सून राहीबाई हळूच म्हणाली, "आत्या, त्यांनी शेव मागितलीया. बारीक लागंल."

"मला न्हाई बोलला त्यो."

"तुमच्याकडं मागायला लाजलं असतील."

"आणि तुझ्याकडं मागायला लाज न्हाई व्हय?"

रांगेतल्या बायका पदरात हसल्या. कोंडीबानं सवयीनं डबा माझ्या तोंडाशी उचलला आणि चाक आवळायला हात घातला. मी काय करणार? माझा पट्टा घसरला. माझ्याकडं बोलायला तेवढंच.

पट्टा चढवता चढवता त्याची नजर रांगेतल्या धोंडुबाईवर गेली. तिनं तोंड फिरवलं. कोंडीबा थांबला.

"जाडाचं बारीक करता येतंय," तो म्हणाला, "बारकाचं जाड कुणाच्या बाला येतंय? आधी सगळी जाड काढतो. अर्धं आत्याचं. उरल्यालं परत घालतो, ते राहीचं."

"हे तवा सुचलं न्हाई व्हय रं?" धोंडुबाईनं विचारलं. महिन्यातला तिचा पहिला शब्द.

सांजच्या गाडीत सयाजीच्या ट्रंकेवर दोन डबे होते, एक लाडवांचा, एक शेवेचा.

पुढं त्याचं पत्र आलं. पोस्टमननं ते माझ्या दारातच वाचलं. 'आधी काय संपवायचं यावरून बराकीत भांडण लागलंय. कोंडीबाला विचारून कळवा.'

आता माझे दगड गुळगुळीत झालेत. छिन्नीनं टाकी लावून ते पुन्हा खरखरीत करायचं कोंडीबा आज-उद्यावर ढकलतोय. तुम्ही त्याला तेवढं सांगा. मग खडा ठेवा, चिंचोका ठेवा, सासूसुना मिळून दोन्ही ठेवा. मी जाडापासून सुरुवात करीन.