मी बिघडलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे. पण माझ्यात कधी आइस्क्रीम नव्हतं, सरबत नव्हतं, काल उरलेली भाजीही नव्हती. माझ्यात होती नवजात बाळांची शी. हसा, खुशाल हसा! आधी सगळेच हसले होते.

मला कारखान्यात बनवलं तेव्हा माझा मोठा तोरा होता. साधा फ्रीज पाण्याचा बर्फ करतो आणि तेवढ्यावर खूश असतो. मी शून्याखाली ऐंशी अंशांपर्यंत उतरायचो. माझ्या पोटात ठेवलेली वस्तू वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहायची. मला इस्पितळाच्या मागच्या संशोधन इमारतीत आणलं तेव्हा हमाल घामाघूम झाले. एक जण म्हणाला, "हत्ती परवडला, तो निदान स्वतःच्या पायांनी चालतो." प्रयोगशाळेचं दार अरुंद निघालं. मग मला बाहेरच्या बोळात, भिंतीला टेकवून उभं केलं. माझ्यासमोर एक लाकडी बाक होता. पुढचं सगळं आयुष्य मी त्या बाकाकडे बघत काढलं.

माझी मालकीण एक डॉक्टरबाई होती. ती रोगी तपासत नसे, रोग तपासत असे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, तळहाताएवढ्या बाळांना एक भयंकर आजार होतो. त्यांचं आतडं आतून कुजू लागतं. सकाळी नीट दूध प्यालेलं बाळ संध्याकाळपर्यंत सुस्त होतं, पोट फुगून टणक होतं, शीतून रक्त जातं. मग शल्यचिकित्सक पोट उघडतात. काही बाळं वाचतात, काही नाही.

"पोट फुगलं की आपण धावतो," डॉक्टरबाई म्हणायची, "पण गडबड त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. ती आधी दिसली पाहिजे."

तिचं म्हणणं साधं होतं. आतड्यात चांगले जंतू असतात आणि दांडगेही असतात. दांडगे माजायला लागले, तर त्याची खूण शीमध्ये सापडणारच. म्हणून ती रोज बाळांच्या कक्षात जाऊन लंगोट गोळा करायची. तिथल्या परिचारिकांनी तिचं नाव 'लंगोटवाली' ठेवलं होतं. तिच्या कानावर ते गेलं, तेव्हा ती म्हणाली, "बरंय की! निदान काम तरी बरोबर सांगतात."

चिमूटभर ऐवज छोट्या कुप्यांत भरून ती माझ्या कप्प्यांत रचायची. आजारी पडलेल्या बाळांच्या कुप्या, आणि त्यांच्याच शेजारच्या खाटांवर धडधाकट राहिलेल्या बाळांच्याही. काही कुप्या तिने सुरुवातीलाच तपासल्या. त्या दिवशी ती बोळात येऊन माझ्या दारावर थाप मारत ओरडली, "दिसतंय रे! पोट फुगायच्या आधीच दिसतंय!" तेवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही. पण थोड्याशा बाळांवरून काही सिद्ध होत नाही, असं मोठ्या लोकांनी सांगितलं, आणि ते खरंही होतं. म्हणून ती वर्षानुवर्षं कुप्या साठवत राहिली. सगळ्या एकाच वेळी, एकाच यंत्रावर तपासायच्या होत्या. तिचे केस पिकत गेले आणि माझे कप्पे भरत गेले.

समोरच्या बाकावर आईबाप येऊन बसत. त्यांची परवानगी घ्यावी लागे. त्यांतली एक बाई मला विसरता येत नाही. ती कोपऱ्यावरच्या दुकानात शिवणकाम करायची. तिची मुलगी सातव्या महिन्यात जन्मली आणि याच आजाराने गेली.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं तेवढंच उरलंय. पण टाकून नाही ना देणार?"

"नाही हो ताई. हा बघा, याच्यात ठेवते. इथे काही खराब होत नाही."

शिवणकाम करणारी बाई उठली आणि तिने माझ्या दाराला हात लावला. "गार आहे," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती अधूनमधून यायची, बाकावर टेकायची आणि विचारायची, "सापडलं का काही?" डॉक्टरबाई म्हणायची, "सापडेल. थांबा थोडं."

आणि एकदाचं ते यंत्र मिळायची वेळ आली. दुसऱ्या गावी होतं. तारीख पक्की करायला डॉक्टरबाई स्वतः गेली. जाताना गुणगुणत होती, आणि तिला मुळीच गाता येत नसे.

त्याच आठवड्यात बोळाच्या टोकाशी नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. विभागाचे मोठे साहेब सकाळपासून नुसते नाचत होते. ऐन वेळी ध्वनिक्षेपकाला वीज पुरेना. वायरमनने विचारलं, "साहेब, कुठून घेऊ?"

"त्या फ्रीजरची पिन काढ आणि घे. तासाभराचा तर प्रश्न."

पिन निघाली. मित्रांनो, माझ्यात एक लहान बॅटरी होती. वीज गेली की तिच्या जोरावर मी ओरडायचो. मी ओरडलो, जीव खाऊन ओरडलो. सभागृहात पाहुणे बाळांच्या आरोग्यावर बोलत होते. साहेब तावातावाने बाहेर आले.

"काय कटकट आहे ही! बंद कर आधी!"

"साहेब, आत काहीतरी महत्त्वाचं असेल..."

"अरे, शी आहे आत, शी! बंद कर म्हणतो ना!"

वायरमनने मुकाट्याने माझं बटण दाबलं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, फराळाची ताटं फिरली. ध्वनिक्षेपकवाल्यांनी सामान उचललं. माझी पिन तशीच जमिनीवर राहिली. पुढे जोडून सुट्ट्या होत्या. बोळात कोणी फिरकलं नाही. मी थंडी धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला. पण विजेशिवाय मी म्हणजे नुसतं कपाट.

डॉक्टरबाई परतली ती हसत. आधी तिचा पाय पाण्यात पडला. मग तिला पिन दिसली. तिने दार उघडलं, आणि जो वास आला त्याने तिने डोळे मिटून घेतले. एकेक कुपी उजेडात धरून बघत राहिली, जणू एखादी तरी गोठलेली निघेल. मग ती ओल्या फरशीवरच बसली. रडली नाही. तिला बोलवायला आलेल्या माणसांना तिने नुसत्या हातानेच जा म्हटलं.

पुढे साहेब आले, हातात एक कागद घेऊन.

"डॉक्टर, झालं ते वाईटच झालं. पण यंत्र जुनं होतं, बंद पडलं, असं लिहू. विषय मिटेल."

"सर, पिन जमिनीवर होती."

"कोणी पाहिली? तुम्हीच ना? हे बघा, चौकशी लागली तर वर्षभर सगळं काम ठप्प. सही करा, नवा फ्रीजर याच वर्षी मंजूर करतो. पुढच्या बाळांचा विचार करा."

पुढच्या बाळांचा विचार करा! तिला नेमकं कुठे दुखतं, ते त्यांना ठाऊक होतं. तिने तो कागद दोनदा वाचला. मग तो कागद माझ्याच दारावर टेकवून तिने सही केली. पेनाची टोच मला पत्र्यातून कळली.

थोड्या दिवसांनी शिवणकाम करणारी बाई आली आणि बाकावर बसली. "सापडलं का काही?"

डॉक्टरबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "ताई, फ्रीजर बिघडला. सगळं गेलं."

ती उठून माझ्यासमोर आली. "मेल्या," ती हळूच म्हणाली, "एवढंसं तर होतं. तेवढंही सांभाळता आलं नाही तुला?"

ती पुन्हा कधी आली नाही.

नवा फ्रीजर आला. डॉक्टरबाई पुन्हा लंगोट गोळा करू लागली, पहिल्या कुपीपासून. तिच्या निवृत्तीपर्यंत ते पुरं होईल असं मला वाटत नाही. कक्षात बाळांची पोटं अजून फुगतात, आणि शल्यचिकित्सक अजून धावतात. तिने सही का केली ते मला कळतं. पण कळलं म्हणून राग जातो असं नाही.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करा, धूळ पुसा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी वेगळं मागतो. एखादं यंत्र ओरडत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी ते का ओरडतंय ते बघा. आणि आपलं खापर मुक्याच्या माथी फोडू नका.

आता मी इमारतीच्या मागे, भंगारात उभा आहे. इथे कामगारांची मुलं खेळतात. काल साहेब इकडून जाताना थबकले. "अरे, याचं दार काढून टाका," ते ओरडले. "एखादं पोर आत अडकलं तर गुदमरून मरेल!"

लगेच माणसं आली आणि माझं दार उखडून घेऊन गेली. लेकरांच्या जिवाची एवढी काळजी साहेबांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.