पेन्हेलांचे जहाज

मित्रांनो, मी दिसायला ओबडधोबड, पोटात दिवा आणि तोंडावर काच असलेले एक यंत्र आहे. होबार्टच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर माझे आयुष्य गेले. इंग्लंडहून इथे आलेल्या माणसांच्या सरकारी नोंदींचे फोटो लांब फितीवर काढून ठेवलेले असत. फीत माझ्यात चढवली आणि मूठ फिरवली, की केव्हाच मेलेली माणसे माझ्या काचेवर सरकू लागत.

मी नवे होते तेव्हा माझे कोण कौतुक! ग्रंथपाल डूलीबाई मला रोज मऊ फडक्याने पुसत. कुणाला आपला पणजा सापडला, की तो माझी काच थोपटायचा आणि मी फुगून जायचे. आपण लोकांचे भलेच करतो, अशी माझी खात्री होती. किती मूर्ख होते मी!

या गावात प्रत्येकाला आपला पूर्वज स्वखुशीने आलेला हवा असे. एके काळी इंग्लंड आपले कैदी बेड्या घालून इथे पाठवत असे, पण ते कैदी नेहमी शेजाऱ्याच्या घराण्यात. पुढे वारे फिरले आणि तरुण मंडळी आपल्या चोर पणजोबांची फुशारकी मारू लागली, पण जुन्या घरांतली झाकपाक काही सुटली नाही. क्लेमेंट पेन्हेल यांचे घर असेच जुने. त्यांची मुलगी एनिड एका सकाळी माझ्यापुढे येऊन बसली. केस पिकलेले, लग्न झालेले नाही.

"बाबांचा नव्वदावा वाढदिवस आहे," ती डूलीबाईंना म्हणाली. "आमची माणसं ज्या जहाजानं आली, ते केकवर काढून घ्यायचंय. फक्त नाव हवं."

"स्वतःचं भाडं भरून आलेली ना तुमची माणसं? लहानपणापासून ऐकतेय बाई," डूलीबाई हसल्या.

जहाज लगेच सापडले. जेन पेन्हेल आणि तिची चार मुले. एनिडने आनंदाने टाळी वाजवली. डूलीबाई मात्र वाकून बघत राहिल्या.

"अगं, हिचा नवरा कुठाय?"

"मागून आला असेल."

"मागून नाही, आधी. हे बघ, भाडं सरकारनं भरलंय. कैद्यानं नीट वागून अर्ज केला, की त्याच्या बायकामुलांना सरकार आणून सोडायचं. पुष्कळ घरं इथंच फसतात. बाई मोकळी आली, म्हणून घराणं मोकळं."

त्यांनी दुसरी फीत चढवली आणि मी मेल्याने तेही दाखवले. जॉन पेन्हेल, कॉर्नवॉल, इंग्लंड. मेंढ्या चोरल्या. जन्मठेप.

एनिड रडली नाही. माझी मूठ धरून ती बोलू लागली. तरुणपणी तिचे रेक्स गॅड्सबीशी ठरले होते, अंगठीसुद्धा झाली होती. रेक्सचा खापरपणजा कैदी, आणि रेक्सची आई ते हसत हसत सांगे. क्लेमेंटनी सोयरीक मोडली. "पेन्हेलांची पोर बेड्यांच्या घरात द्यायची नाही." रेक्स मेलबर्नला निघून गेला, आणि एनिड बापाचे खाणेपिणे, औषधपाणी करत घरातच राहिली.

"आता हे उतरवून नेते आणि वाचून दाखवते त्या म्हाताऱ्याला," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला माझ्या काचेची लाज वाटली.

वाढदिवसानंतर ती परत आली. डूलीबाईंनी विचारले, "दाखवलंस?"

"केक समोर ठेवला आणि वाचलं. कानातलं यंत्र बसवून, मोठ्यानं."

"कोसळले असतील बिचारे."

"छे! म्हणाले, मला ठाऊक होतं. त्या पोराची आई सगळ्यांची कुळं उकरत फिरायची. सोयरीक झाली असती तर आपलंच मढं पहिलं उकरलं असतं तिनं."

"मग?"

"मग म्हणाले, केक काप. छोटा तुकडा दे, साखर वाढते."

"आणि तू?"

"छोटा तुकडा दिला."

ती उठून निघून गेली. म्हाताऱ्याच्या आंघोळीची वेळ झाली होती.

पुढे संगणक आले आणि मला तळघरात ढकलून दिले. दिवा गेला, काचेला तडा गेला, मूठ कुणीतरी काढून नेली. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर असा अन्याय करू नका, कधीतरी फडके मारा. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. मेलेल्यांना माझ्याकडे शोधायला येण्याआधी घरातल्या जिवंत माणसांना विचारा, दरडावून विचारा, आणि वेळेवर विचारा. एनिडला उत्तर मिळाले, त्याच्या आदल्याच वर्षी रेक्स मेलबर्नला वारला होता.