रुसलेली गाडी

रविवारच्या त्या सकाळी थंडी अशी होती, की बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्दाआधी वाफ बाहेर पडत होती. तरी इमारतीच्या आवारात चाळीस-पन्नास माणसं एका राखाडी गाडीभोवती कोंडाळं करून उभी होती. कोणी स्वेटरवर शाल घेतलेली, कोणी दात घासायचा ब्रश तसाच हातात धरलेला. गाडी बिचारी चार चाकांवर निमूट उभी. आपल्यात एक जीव अडकलाय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

किल्लीमहाराज खुर्चीवर बसले होते. पुढ्यात शेगडी, शेगडीवर परात, परातीत ऊन राख. गाडीची रिमोटवाली किल्ली त्यांनी लाल फडक्यात गुंडाळून राखेत पुरली आणि डोळे मिटले. "किल्ली फिरे, कुलूप झुरे, देह सरे, जीव उरे," असं काहीसं ते पुटपुटत राहिले. अर्थ कुणालाच लागला नाही, त्यामुळे तो फार खोल असणार याबद्दल सर्वांचं एकमत झालं.

पाव तासानं महाराजांनी किल्ली उचलली, मुठीत दाबली आणि गाडीच्या अगदी दाराशी जाऊन बटण दाबलं. टुक टुक. चारही कोपऱ्यांचे दिवे लुकलुकले. गर्दीतून सुस्कारा उठला आणि इमारतीच्या सेक्रेटरींनी तर नळाच्या तक्रारीला कधी दाखवली नव्हती इतक्या तत्परतेनं हात जोडले.

"आता तू, माई," महाराज म्हणाले. "वर जा आणि तुझ्या खिडकीतून दाब."

वहिनी तीन जिने चढून वर गेल्या. इमारतीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत; साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, वारल्यावरही ते नाव तेवढं राहिलं होतं. त्यांनी खिडकीतून किल्ली पुढे केली, बटण दाबलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. गाडी ढिम्म.

खालून महाराजांचा आवाज आला, "आमच्या हाती उघडते, बायकोच्या हाती नाही. साहेबांनी तोंड फिरवलंय."

नेमकं हेच वहिनींना महिनाभर वाटत होतं.

साहेब होते तेव्हा संध्याकाळी सातला गाडी लावत आणि खालूनच बटण दोनदा दाबत. दिवे लुकलुकले की वर वहिनी चहा टाकत. ते गेले, आणि त्यानंतर रोज सातला वहिनी खिडकीत उभ्या राहून बटण दाबू लागल्या. खाली अंधारात दिवे उघडत, मिटत, जसं कुणी मान हलवून "आलो" म्हणावं. मग त्या चहा टाकत, एकाच कपाचा. एका लुकलुकीनं कुणाचं मन भरलं नाही, तर दहादा दाबणाऱ्याला दोष कोण देणार? ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी त्या खाली जाऊन गाडी पंधरा मिनिटं नुसती चालू ठेवत, साहेबांची शिस्तच होती तशी.

वर्ष सरता सरता त्या गाडी शिकू लागल्या. शहराच्या पार टोकाला असलेल्या इस्पितळात शिवणकामाची नोकरी लागली होती, सोमवारपासून हजर व्हायचं होतं आणि तिकडे बस जात नव्हती. इकडे शिकणं सुरू झालं आणि तिकडे दिवे अडखळू लागले. आधी तिसऱ्यांदा दाबल्यावर लागत, मग दहाव्यांदा, मग खिडकीतून लागेचनात. लायसन्स हातात आलं त्या दिवशी तर खाली गाडीजवळ उभं राहूनही काही होईना, म्हणून वहिनींनी रिमोटमध्ये दुमडलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, आणि गाडी किंचाळली. अर्धं मिनिट, सगळी इमारत खिडक्यांत येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी महाराजांना घेऊन आले. महाराजांनी निदान केलं: साहेबांना बायकोनं गाडी चालवणं पसंत नाही. लोखंडाची किल्ली पुन्हा लावू नका, आतल्या जिवाला जखम होते. गाडी आमच्या मठाला द्या, साहेब सुटतील. देण्याची वेळ रविवार सकाळ.

वहिनी किल्ली घेऊन खाली आल्या. सेक्रेटरींनी कागद तयारच ठेवले होते. गाडीच्या बॉनेटवर पसरून पेनही पुढे केलं. तेवढ्यात फाटकाशेजारचं घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडायला आलेली भिंगमावशी गर्दीत घुसली. डोळ्याला लावायचं भिंग सदा कपाळावर सरकवलेलं असे, म्हणून ते नाव.

"सही कर, पण आधी किल्ली जरा माझ्याकडे दे, पोरी," मावशी म्हणाली.

महाराजांनी हरकत घेतली. अनधिकारी हात लागला तर अनर्थ होईल. मावशीनं अनर्थाकडे लक्ष दिलं नाही. वॉचमनच्या हातातला चहाचा वाफाळता ग्लास मागून घेतला, किल्ली रुमालात गुंडाळून ग्लासाला बांधली आणि ग्लास पोटाशी धरून उभी राहिली.

"मंत्र काही मला येत नाहीत. सतराचा पाढा म्हणते, चालेल ना?"

कुणीतरी फिसकन हसलं. मावशीनं खरंच पाढा म्हटला, चांगला चार वेळा. मग रुमाल सोडला, दाराशी जाऊन बटण दाबलं. टुक टुक.

मावशी फाटकापर्यंत चालत गेली, तिथून दाबलं. काही नाही. परत आली आणि किल्ली महाराजांपुढे धरली.

"महाराज, आता गार झालीय. राखेविना, इथूनच उघडा बरं."

महाराज म्हणाले, शक्तीची परीक्षा घेऊ नये. मावशी म्हणाली, मग सेलची घेऊ. तिनं बारीक पट्टीनं रिमोटचं कवच उचकटलं. आत बटणाएवढी चकती, तोच सेल. खिशातलं मीटर लावून तिनं काटा सेक्रेटरींना दाखवला. काटा उठायलाही कंटाळला होता.

मग तिनं सांगितलं, घड्याळ दुरुस्त करताना गिऱ्हाइकाला सांगावं तसं. सेल मरायला टेकला की थंडीत मान टाकतो. ऊब दिली की घटकाभर जीव धरतो, पण त्याची हाक दारापर्यंतच पोचते, तिसऱ्या मजल्यावरून नाही. "महाराज पूर्वी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात होते, मीच त्यांच्याकडून सेल घ्यायची. हे ज्ञान साधनेतलं नाही, काउंटरवरचं आहे."

"आणि किंचाळली ती?" सेक्रेटरींनी विचारलं.

"रिमोटनं बंद केलेली गाडी लोखंडानं उघडली की तिला वाटतं चोर आला. तशीच आत बसून चालू केली असती तर गप्प झाली असती. रुसवा कसला, राखण होती ती."

मावशीनं नवा सेल बसवला, कवच दाबून बंद केलं आणि किल्ली वहिनींच्या हातात दिली. "जा वर."

वहिनी पुन्हा जिना चढू लागल्या. गाडी बोलली नाही तर सोमवार गेला. आणि बोलली, तर वर्षभर बोलत होता तो कोण? खिडकीतून त्यांनी किल्ली पुढे केली. खाली पन्नास तोंडं वर झालेली. मग त्यांनी बटण दाबलं.

पहिल्याच दाबाला चारही दिवे लुकलुकले.

त्या खाली आल्या तेव्हा महाराज नव्हते. शेगडी मात्र मागे राहिली होती. सेक्रेटरी कागदांची घडी घालत जो भेटेल त्याला सांगत होते, की आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती. वहिनी मावशीच्या कानाशी वाकल्या आणि संध्याकाळच्या सातची गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली.

"म्हणजे मीच संपवला तो सेल?"

"जुना होताच. उरलेला तू दाबून दाबून संपवलास," मावशी म्हणाली. तिनं वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. "साहेबांनी तोंड फिरवलं नाही, पोरी. ते तिथं नव्हतेच. आठवण यायला सेल लागत नाही आणि गाडी चालवायला परवानगी लागत नाही. लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

मग गर्दीकडे वळून तिनं एवढंच म्हटलं, की बंद पडलेली वस्तू आधी उघडून बघा, नाही कळलं तर ज्याला कळतं त्याला दाखवा. राखेत पुरायची घाई करू नका. आपल्या दुःखावर कुणी दुकान थाटलं, तर आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा.

सोमवारी वहिनी इस्पितळात हजर झाल्या. वाटेत दोनदा गाडी बंद पडली, मागच्यानं हॉर्न वाजवला, त्यात कुणाच्या आत्म्याचा हात नव्हता. क्लचवरचा पाय पटकन सुटला होता.

संध्याकाळी सातला त्यांनी गाडी जागेवर लावली आणि सवयीनं बटण दोनदा दाबलं. दिवे लुकलुकले. वर खिडकीत कुणी नव्हतं, असणारही नव्हतं. वहिनींनी एकदा तिकडे पाहिलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि चहा टाकायला जिना चढू लागल्या.