उलटा वेढा

"हा उलटा वेढा कोणी घातलाय?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटभर लांबीची ती कॉइल दिव्याखाली धरली. दुकानातल्या पकडी आणि पेचकस जागच्या जागी थांबले. उलटा वेढा हा तिथे साधा शब्द नव्हता, शिवी होती. यजमान गेल्यापासून पंखे, मिक्सर आणि पंप यांच्या जळलेल्या मोटरींना नवी तार भरण्याचे ते दुकान बाईंनी एकहाती चालवले होते, आणि तिथला पहिला धडा एकच होता: हातयंत्राचा दांडा पुढेच फिरवायचा. दिशा बदलायची असेल तर जोडताना तारेची टोके बदलावीत, वेढा बदलू नये. कामावर नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी साऱ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने वेढे मोजत बसे. वेढे मोजणारी आकड्यांची चौकट त्याला दुसऱ्या दिवशी मिळे. जो चुकेल तो "उलट्या वेढ्याचा". थोरल्या जावयालाही बाई एकदा तसे म्हणाल्या होत्या. तेव्हापासून तो दुकानाच्या पायरीवरूनच नमस्कार करून निघून जाई.

"मी कुठं घातलाय, आजी?" नात म्हणाली. "मला मिळाली तीच अशी. गिटारींचे जुने भाग विकणाऱ्या समोरच्या खुंटीवाल्या काकांकडून घेतली."

नातीने आपली इलेक्ट्रिक गिटार जुन्या सुट्या भागांतून उभी केली होती. धड एका मोडक्या गिटारीचे, मान दुसरीची, तारा पिळण्याच्या खुंट्या आणखी कुणाच्या. घरात त्या गिटारीला 'चार माहेरांची सून' म्हणत. हा पिकअप बसावा म्हणून पोरीने धडातली खाच स्वतः पटाशीने रुंद केली होती. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी चुंबकांची आणि कॉइलींची जोडी. तारेचा थरार ती पकडते आणि स्पीकरकडे धाडते. या जोडीतली एक कॉइल मेलेली होती, म्हणून ती आजीच्या टेबलावर आली.

"काका म्हणाले, आजीकडूनच भरून घे, त्यांच्यासारखा हात गल्लीत नाही. फक्त आहे तशीच भरायला सांग म्हणाले."

"आहे तशीच? म्हणजे त्याच्या चुकीसकट?"

बाई उठल्या. पदर खोचून त्या गल्ली ओलांडू लागल्या तेव्हा पंक्चरवाल्याने हातातला टायर खाली ठेवला. असे काही पाहायला मिळणार असेल तर टायर थांबू शकतो.

खुंटीवाला आपल्या टपरीत गिटारीच्या एका जुन्या मानेवरचा गंज लागलेला पत्रा घासत बसला होता. समोर दोन गिऱ्हाइके होती.

"काय रे, पोरीबाळींना फसवायला बसलास का इथं?"

"काय झालं बाई?"

"एक कॉइल सुलटी, एक उलटी. कुठल्या भंगारातून जोडी लावलीस ही?"

"अहो, ती मुद्दामच तशी असते. त्याचं कारण असं की..."

"वेढा तू मला शिकवणार? आधी स्वतःच्या टपरीची दारं सरळ बसव!"

गल्ली हसली. खुंटीवाल्याने हातातला घासकागद नीट घडी करून ठेवला. गिऱ्हाइकांपैकी एकाने निवडलेल्या खुंट्या हळूच परत मांडल्या. बाईंचा शब्द त्या गल्लीत तराजूच्या मापासारखा चाले. तो खोटा असेल असे कुणाच्या मनातही आले नाही, बाईंच्या तर नाहीच.

पुढच्या चार दिवसांत त्यांनी जुनी तार उलगडून टाकली आणि केसाहून बारीक अशी नवी तार भरली, दांडा पुढे फिरवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काम देखणे झाले. नातीने पिकअप खाचेत बसवला, दुकानातच स्पीकरला जोडला आणि तार छेडली.

आधी घरघर आली. स्पीकरमध्ये कुणी भुंगा कोंडावा तशी. त्या घरघरीमागून सूर आला तो पातळ, ताकात पाणी घातल्यासारखा.

मिक्सर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाने आत डोकावून विचारले, "बाई, पंखा आलाय वाटतं दुरुस्तीला? फारच घरघरतोय."

कारागिरांनी माना खाली घातल्या. नात गिटारीच्या बटणांशी उगीच चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "असू दे आजी. छान वाजतंय की."

त्या "छान"ने बाईंना जे लागले, ते गिऱ्हाइकाच्या विनोदाने लागले नव्हते. पोर आपल्याला सांभाळून घेत होती, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तशी.

दुपारी कारागीर जेवायला गेल्यावर बाईंनी पिकअप पुन्हा उघडला. मोटरींसाठी ठेवलेले होकायंत्र त्यांनी एका चुंबकापाशी धरले, मग दुसऱ्यापाशी. काटा गर्रकन फिरला. चुंबकही एकमेकांच्या उलट बसवलेले होते. साऱ्या आयुष्याच्या कामाने बाईंना जे शिकवले होते, तेच त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. भिंतीतल्या विजेची घरघर दोन्ही कॉइलींत सारखीच शिरते. एक वेढा उलटा असला की दोन घरघरी एकमेकींना गिळून टाकतात. आणि चुंबक उलटे असल्यामुळे तारेचा सूर मात्र दुप्पट होऊन निघतो. बाईंच्या सुलट्या वेढ्याने नेमके उफराटे केले होते. सूर गिळला होता, घरघर दुप्पट केली होती.

त्यांनी त्या कॉइलीची टोके तेवढी बदलली आणि नातीला हाक मारली. आता स्पीकर गप्प होता. तार छेडल्यावर त्या गप्पपणातून सूर भरघोस, गोल असा उठला.

"आजी! काय केलंस तू?" नात नाचायचीच बाकी होती. मग ती थबकली. "म्हणजे काका खरं सांगत होते?"

बाईंनी चप्पल घातली.

टपरीसमोर कुणी नव्हते. फळीवरच्या खुंट्यांवर धूळ होती, आणि रोज धूळ पुसणारा माणूस तिच्याकडे नुसता बघत बसला होता. बाईंना पाहून तो उठला.

"घरघर इथवर आली होती. टोकं बदला, बाई. होईल ठीक."

"बदलली. एवढं कळतं मला." शब्द निघून गेल्यावर बाईंना स्वतःचाच राग आला.

"मग काय काम काढलंत?"

त्यांनी येताना वाक्य मनात बांधून आणले होते. त्यातले दोनच तुकडे निघाले. "वेढा बरोबर होता," त्या म्हणाल्या. "मी उलटा केला."

"आत या ना. उन्हात कशाला?"

"नाही. इथंच बोलले होते, इथंच बोलणार."

"त्या दिवशी आवाज मोठा होता तुमचा," खुंटीवाला म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबले.

बाईंनी आवाज चढवला. "ऐका रे! याची जोडी चोख होती. चूक माझी होती!"

पंक्चरवाल्याचा पंप फटफटत होता. त्याने हात कानाशी नेऊन "काय?" अशी खूण केली आणि पुन्हा टायरकडे वळला. समोरच्या दुकानदाराने मान हलवली, पण ती त्याच्या गिऱ्हाइकासाठी होती. शिवीला थांबलेली गल्ली माफीला थांबली नाही.

खुंटीवाल्याने फळीखालच्या डब्यातून एक मेलेली कॉइल काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली.

"ही भरून द्याल? हिचाही वेढा उलटाच लागतो. टोकं बदलूनही चालेल, पण..."

"आहे तशीच भरीन," बाई म्हणाल्या.

दुकानात कारागीर परतले होते. बाई हातयंत्रापाशी बसल्या, तार लावली, आणि दांडा मागे फिरवला. वर्षानुवर्षे एकाच अंगाने झिजलेले यंत्र कुरकुरले. चौकटीतले आकडे मागे मागे जाऊ लागले तशा पकडी आणि पेचकस पुन्हा थांबले. बाईंनी चौकटीवर रुमाल टाकला, पाठ ताठ केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मोजायला सुरुवात केली.

"एक. दोन. तीन..."