शेवटून दुसरा नंबर

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. वॅराबीनमध्ये माझं बोलणं कुणाला कधी खरं वाटलंय? पण मतदान केंद्राबाहेरचं हे सॉसेज हवं असेल तर रांगेत थांबावं लागेल, आणि रांगेत थांबलात की ऐकावं लागेल. कांदा अजून कच्चा आहे. मत देऊन झालंय ना? मग घाई कसली.

ग्लेनिसच्या पबातला काकाकुवा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. बिशप. अंगाने पांढरा, डोक्यावर पिवळा तुरा, आणि चेहरा असा की आपल्या सगळ्यांची पापं त्याला ठाऊक आहेत आणि त्याने ती माफ केलीत. मतदानाला आलेल्या कुणाहीपेक्षा त्याने जास्त निवडणुका पाहिल्यात. एकदा प्रचाराला आलेल्या एका उमेदवाराला त्याने पिंजऱ्यातून असे प्रश्न विचारले, की तो मागच्या दाराने सटकला आणि थेट राजकारणातून बाहेर पडला. सध्या मेंढ्या राखतो म्हणे, आणि सुखात आहे.

एरवी बिशप बिस्किटाखेरीज काही मागत नाही. पण निवडणुकीचा वाद पेटला, टेबलावर मूठ आपटली गेली, की त्याचा तुरा उभा राहतो आणि तो वॉलीच्या आवाजात बोलतो. हुबेहूब वॉली, शेवटच्या खोकल्यासकट. कारण वॉलीचं स्टूल जन्मभर त्या पिंजऱ्याखालीच होतं.

वॉली मजूर पक्षवाल्यांचा आणि त्याची बायको डल्सी शेतकरी पक्षवाल्यांची. आता आपल्याकडे सगळ्याच उमेदवारांना पसंतीचे नंबर लिहावे लागतात, पण पहिला नंबर कुणाला द्यायचा यावर कुणी भांडत नाही, तो ज्याने त्याने आईच्या पोटातच ठरवलेला असतो. भांडण असतं ते मतपत्रिकेवर शेवटचा नंबर कुणाला लिहायचा यावर. वॉली मग गळ्यातून घरघरत म्हणायचा, "म्हातारे, तुझ्या माणसाला शेवटचा नंबर." आणि डल्सी सगळ्यांदेखत त्याला म्हणायची की आधी घरी चल आणि आंघोळ कर, मग देश चालव.

तीन निवडणुकांपूर्वी, अशाच आठवड्यात, दोघांचं सकाळी न्याहारीला भांडण झालं. तिच्या नेत्यावरून. डल्सी म्हणाली, "तुला काही म्हणता काही कळत नाही." वॉली टोपी घालून विहिरीवरचा पंप बघायला गेला तो परत आलाच नाही. छातीत कळ. पंपाला टेकून बसलेला सापडला, जरा दम खात असावा तसा.

तेव्हापासून दर निवडणुकीच्या आधीच्या शुक्रवारी डल्सी पबात येते. वॉलीच्या स्टुलावर बसते, लेमोनेड घातलेली बिअर मागते आणि वाट बघते. आमचा वाद पेटतो, बिशप एकदा म्हणतो, "म्हातारे, तुझ्या माणसाला शेवटचा नंबर," ती उरलेला घोट संपवते आणि घरी जाते. यावर कुणी कधी एक शब्द काढलेला नाही. आपण असल्या गोष्टी बोलत नाही, आपण पावसाचं बोलतो.

या वेळी मात्र तिचं घर विकलं गेलंय. मुलगी तिला ॲडलेडला घेऊन चाललीय, आज मत दिलं की लगेच. म्हणजे कालचा शुक्रवार शेवटचा. डल्सी आली, नेहमीचं मागितलं, बसली. आणि आमच्यात वादच नव्हता.

वाद घालणार कशावरून, सांगा. मजूरवाल्यांचा नेता तो नवे बूट घालून आलेला, बुटांच्या तळव्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती. शेतकरीवाल्यांचा तो मोठ्या टोपीचा, जो परवापरवापर्यंत टीव्हीवर हवामान सांगायचा आणि ज्याचा एक पाऊस आपल्याकडे पडला नाही. दोघांनी आपल्या रस्त्याला डांबर लावायचं कबूल केलं आणि दोघांनी गावाचं नाव चुकीचं घेतलं. टपालवाला मर्व्ह म्हणाला, कुणालाच बहुमत नाही मिळणार. ग्लेनिस म्हणाली, बरोबर. मी म्हणालो, बरोबर. बिशपने मान पंखात घातली.

डल्सीचा ग्लास खाली खाली जात होता. लहान लहान घोट, पण शेवटी किती लहान घेणार?

मर्व्हने ते पाहिलं. मागच्या वेळी मजूरवाले हरले तेव्हा टपालाच्या गाडीत बसून रडलेला हा माणूस. त्याने ग्लास खाली ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मला विचाराल तर या वेळी टोपीवालाच यायला हवा."

ग्लेनिसच्या हातातलं फडकं थांबलं. तिच्या कुंपणावर आजोबांच्या काळापासून शेतकरीवाल्यांची पाटी आहे. तिने डल्सीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली की टोपीवाल्याला मेंढीची पुढची बाजू कुठली ते कळत नाही, आणि बूटवाला दिसायलाही बरा आहे. झालं. दोघं एकमेकांवर तुटून पडले. मर्व्ह शेतकऱ्यांच्या बाजूने, ग्लेनिस मजुरांच्या बाजूने. जन्मभर समोरून जे जे ऐकलं होतं ते ते दोघांनी काढलं, आणि गंमत म्हणजे ते सगळं बऱ्यापैकी पटण्यासारखं होतं. मर्व्हने मूठ आपटली. ग्लेनिसने त्याला गद्दार म्हटलं आणि मग ती स्वतःच हसायला लागली.

बिशपने एक डोळा उघडला. तुरा अर्धा वर आला. आणि खाली बसला.

डल्सीकडे एक घोट उरला होता. तिने ग्लास उचलला नाही, नुसता धरून बसली.

नेमकं त्याच वेळी बिअरचं पिंप संपलं. ग्लेनिसचे गुडघे धड नाहीत, म्हणून पिंप मीच बदलतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे पुढचं मला तळघराच्या दाराआडूनच ऐकू आलं. पण आलं नीट. बिशपचा तुरा ताठ उभा राहिला आणि वॉलीचा आवाज आला, खोकल्यासकट. नेहमीचं वाक्य नाही. सावकाश, समजुतीने म्हणाला, "डल्सी, तू म्हणतेस तर टोपीवाल्याला शेवटचा नाही देत. शेवटून दुसरा."

पबात कुणी हललं नाही म्हणे. मी वर आलो तेव्हा डल्सी गेली होती आणि तो एक घोट ग्लासात तसाच होता.

आता म्हणा खोटं. पण मर्व्ह इथेच आहे, विचारा त्याला. मर्व्ह, बुटांकडे काय बघतोस, सांग की यांना. पक्षी जन्मात पहिल्यांदा नवीन वाक्य बोलला आणि ते…

"क्लेम."

रांगेच्या मागून माझ्या नावाने हाक आली. लोक बाजूला झाले. डल्सी मत देऊन आली होती, अंगात प्रवासाचा कोट, हातात पाव. पलीकडे तिची मुलगी गाडीचं दार उघडं धरून उभी होती. मी उगाच दोन सॉसेजेस उलटली.

"वॉली गेला तेव्हा टोपीवाला टीव्हीवर पाऊस सांगत होता," ती म्हणाली. "वॉलीच्या तोंडून बिशपने त्याचा नंबर ऐकला कधी?"

मी म्हणालो, काकाकुवे हुशार असतात, बातम्या ऐकतात.

"आणि वॉलीने आयुष्यात मला कधी डल्सी म्हटलं नाही. माघारही घेतली नाही." तिने पाव माझ्यापुढे धरला. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "दाराआडून तू बोललास, खोटारड्या. खोकला छान जमलाय. आता मी पुढच्या निवडणुकीला येईन ना, तेव्हा नीट 'म्हातारे' म्हण."